बट्टी आधी कोणी करायची?

मोरपंखी

गेल्या मंगळवारी सकाळी आमच्याकडे जे झालं ते कुठेतरी लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. नवऱ्याची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, तो अजून घरी पोचला नव्हता. शाळेची रिक्षा साडेसातला येते, रिक्षाकाका दोनदा हॉर्न वाजवतात आणि निघतात. सव्वासातला मुलाने दुधाचा पेला वहीवर सांडला. आदल्या रात्री रडत-रखडत दीड तास बसून पुरी केलेली शुद्धलेखनाची वही होती ती. मी ओरडले. नुसती ओरडले असते तर मी हा धागा काढला नसता. ओरडताना मी म्हणाले, "जा, तू मला आवडतच नाहीस."

तो एकदम गप्प झाला. दप्तर स्वतःच पाठीला अडकवलं, बूट घातले. रोज रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत हात हलवत असतो. त्या दिवशी पुढे बघत बसला.

गुरुवारी बाईंनी बोलावून घेतलं. याच्याच बाकावर बसणाऱ्या मित्राचा धक्का लागून याचं रंगवलेलं चित्र फाटलं. हा त्याला म्हणाला, "जा, तू मला आवडतच नाहीस." बाई म्हणाल्या, शब्दांचं काही नाही, मुलं दिवसातून दहा वेळा कट्टी घेतात, पण हे त्याने ज्या आवाजात म्हटलं तो लहान मुलाचा आवाज वाटला नाही. मित्र हमसून हमसून रडत होता आणि हा त्याच्याकडे बघतही नव्हता. तो आवाज माझा आहे, एवढं मला बाईंना सांगता आलं नाही.

तेव्हापासून मला माझे वडील आठवताहेत. आबा रागावले की दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत. मग एखाद्या संध्याकाळी सायकलच्या हँडलला गरम भज्यांचा पुडा अडकवून यायचे आणि "घे गं" म्हणायचे. झालं, भांडण मिटलं. त्या भज्यांची चव अजून जिभेवर आहे आणि आबांचं प्रेमही मला कधी कमी वाटलं नाही. पण राग गेलाय की आबा विसरलेत, चुकलं माझं होतं की त्यांचं, हे मला कधीच कळायचं नाही. मोठेपणी मी मैत्रिणींशी तेच करत आले. काही खुपलं की बोलणं बंद, आणि काही दिवसांनी काही झालंच नाही अशा थाटात "येतेस का चहाला?" दोन चांगल्या मैत्रिणी अशाने तुटल्या. त्यांना चहा नको होता. मी काहीतरी बोलावं, याची त्या वाट बघत होत्या.

या तीन-चार रात्री झोप नव्हती, म्हणून वाचत बसले. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७०च्या दशकातला एक प्रयोग वाचला. आई काही महिन्यांच्या बाळाशी खेळत असते. मग तिला सांगतात की दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी स्थिर ठेव, हसू नकोस, बोलू नकोस. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, चीत्कारतं. आईचा चेहरा हलत नाही म्हटल्यावर ते मान फिरवतं, अंग टाकून देतं आणि रडू लागतं. मी तो मजकूर वाचला आणि आबांचे दोन दिवस आठवले.

पण त्याच माणसाच्या कामात मला धीर देणारंही सापडलं. एरवी सगळं नीट चाललेलं असतानाही आई आणि बाळ यांचे सूर साधारण ३० टक्केच वेळ जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवणी यातच जातो. बाळाला भूक असते तेव्हा आई खेळवते, त्याला झोप येत असते तेव्हा गुदगुल्या करते, मग तिच्या लक्षात येतं आणि ती बदलते. तुटलेलं पुन्हा जोडता येतं हे बाळ त्या जुळवणीतूनच शिकतं. म्हणजे चूक झाली एवढ्यावर सगळं संपत नाही. चुकीनंतर मी काय करते, त्यावर माझा मुलगा मित्राकडून चित्र फाटल्यावर काय करेल हे ठरणार आहे.

आमच्या घरात बट्टीची दोन बोटं मोठ्यांनी पुढे केलेली मी कधी पाहिली नाहीत. तुमच्याकडे आईबाबा मुलांची माफी मागतात का? कुठल्या शब्दांत? मी अजून मागितलेली नाही. शुक्रवारी त्याच्या आवडीचा शिरा केला. शिरा ढवळताना कळलं की मी भज्यांचा पुडाच आणलाय.

दुपारची_उन्हं

वाचून डोळे भरून आले, मोरपंखी. माझ्या मुलीला मी "तुझ्यामुळे माझं डोकं दुखतं" असं सारखं म्हणायचे. ती आता मला साधी शिंक आली तरी विचारते, "माझ्यामुळे का?"

एक आणखी. आमच्याकडे नवरा-बायकोची भांडणं मुलांसमोर होतात आणि समेट रात्री दार लावून होतो. मुलांना अर्धंच नाटक दिसतं. मार्क कमिंग्ज यांचं संशोधन नेमकं यावर आहे. आईवडिलांचं भांडण मिटताना ज्या मुलांना दिसतं, त्यांची घालमेल खूप कमी होते. तेव्हापासून आम्ही ठरवलंय, भांडलो पोळ्या लाटताना तर मिटवायचंही पोळ्या लाटतानाच, पोरं ओट्याशी असतानाच.

पिंपळपान

लेखन प्रामाणिक आहे, म्हणून मनापासून विरोध नोंदवतो. मी छत्तीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं. मुलांना धाक लागतो. आई-वडील उठता-बसता माफी मागू लागले तर मुलाला कळणार कसं की घर कोणाच्या हातात आहे? मूल बुडत असताना धरायला घट्ट काठ हवा. आमच्या वडिलांनी आमची माफी मागितली नाही आणि आम्हीही मुलांची मागितली नाही. मुलं मार्गी लागली. तुमच्या मुलाने दूध सांडलं होतं, ही गोष्ट या सगळ्यात हरवतेय असं मला वाटतं. वही जपायला त्याला शिकवणार कोण?

तुम्ही म्हणालात ते वाक्य चुकीचं होतं हे मान्य. ते पुन्हा न म्हणणं ही खरी दुरुस्ती. त्याचा सोहळा कशाला?

गोदाकाठ

पिंपळपान सर, तुमच्या शेवटच्या ओळींवर मी माझ्या घरातला अनुभव सांगतो. मी माफी मागणारा बाप आहे. मुलगी चौदा वर्षांची. मी फार लवकर चिडतो आणि तितक्याच लवकर "सॉरी बाळा" म्हणतो. मला वाटायचं मी माझ्या वडिलांपेक्षा बराच बरा आहे.

गेल्या वर्षी दहावीच्या क्लासच्या प्रवेशावरून वाद झाला. तासाभराने मी तिच्या दाराशी जाऊन सॉरी म्हणालो. ती वही बंद न करता म्हणाली, "बाबा, तुम्ही सॉरी म्हणता तेव्हा मला 'ठीक आहे' म्हणावं लागतं. मग तुम्हाला बरं वाटतं. मला नाही वाटत."

मी दोन-तीन दिवस त्यावरच विचार करत होतो. माझ्या माफीतही काम तिलाच करावं लागत होतं. मला मोकळं करण्याचं काम. आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा ओरडणार हे तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं.

आता मी दोन गोष्टी बदलल्यात. राग आला की सांगतो, "मी आत्ता बोललो तर वाईट बोलेन, वीस मिनिटांनी येतो," आणि वीस मिनिटांनी खरंच येतो. न आलो तर ती कट्टीच झाली. आणि माफी मागितली की उत्तराची वाट बघत थांबत नाही, स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावतो. कधीकधी ती मागून येते, कधी नाही येत. मध्यंतरी तिचं आणि तिच्या जिवलग मैत्रिणीचं वाजलं. फोनवर तिला म्हणताना ऐकलं, "मी आत्ता चिडलेय, रात्री फोन करते." रात्री केला. मी दाराबाहेर उभा होतो, आत गेलो नाही.

अबोली

मी मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते. मोरपंखी, आधी तुमच्यासाठी आणि मग पिंपळपान काकांसाठी लिहिते.

तुमच्या मुलाने तुमचे शब्द उचलले, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट उचलली ती ही की आपलं काही मोडलं तर समोरच्या माणसालाच दूर करायचं असतं. सहा वर्षांच्या मुलाला राग ही हवामानासारखी गोष्ट असते, त्याला ती आवरता येत नाही. मोठं माणूस शेजारी बसून ती आवरायला मदत करतं आणि हजारदा तसं झाल्यावर मुलाला एकट्याने जमू लागतं. शांत होणं मूल आधी कोणाच्या तरी कुशीत शिकतं. म्हणून "जा, खोलीत जाऊन शांत हो आणि मग ये" हे तीन-चार वर्षांच्या मुलाला सांगणं म्हणजे पोहायला शिकून झाल्यावर पाण्यात ये म्हणण्यासारखं आहे.

मेरी एन्सवर्थ यांनी १९५०च्या दशकात युगांडातल्या खेड्यांत आणि पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला आया आणि बाळं यांचं निरीक्षण केलं. त्यांच्या प्रयोगात साधारण वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत थोडा वेळ सोडून आई बाहेर जाते आणि परत येते. आई गेल्यावर मूल किती रडतं, याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. एन्सवर्थ यांनी आई परत आल्यावर मूल काय करतं हे पाहिलं. बरीच मुलं धावत येतात, बिलगतात आणि मिनिटभरात पुन्हा खेळण्यांकडे वळतात. काही कडेवरही येतात आणि त्याच वेळी लाथाही झाडतात. आणि काही आईकडे बघतच नाहीत, खेळत राहतात. ती फार शहाणी, समजूतदार दिसतात. नंतर त्यांच्या छातीचे ठोके मोजले तर ते वाढलेले होते. त्रास त्यांनाही होत होता. तो दाखवून उपयोग नाही हे त्यांना वर्षभरात कळलं होतं. पाळणाघरात, शाळेत "अजिबात त्रास देत नाही हो" असं ज्यांचं कौतुक होतं, त्यातल्या काही मुलांकडे मी त्यामुळे दोनदा बघते.

काका, धाकाबद्दल. डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात पालकांच्या वागण्याचे प्रकार मांडले. नुसता हुकूम चालवणारे, नुसतं सैल सोडणारे आणि नियम ठाम ठेवून मुलाचं ऐकूनही घेणारे. तिसऱ्या घरांतली मुलं मित्रांत मिसळायला आणि स्वतःला आवरायला सर्वांत पुढे दिसली. सैल घरांतली नाही. म्हणजे तुमचा घट्ट काठ हवाच. "वही पुन्हा लिहावी लागेल, मी शेजारी बसते" हा काठ झाला. "तू मला आवडत नाहीस" म्हणताना काठच हातातून सुटतो.

माफीचे शब्द साधे ठेवा. "मंगळवारी मी म्हणाले की तू मला आवडत नाहीस. ते खोटं होतं. दूध सांडल्याचा मला राग आला होता. तू मला आवडतोस, रागात असतानाही." इथे थांबा. पुढे "पण तू पण जरा..." आलं की मुलाला तेवढंच ऐकू येतं. तीन वर्षांच्या मुलाला इतकं बोलणं लागतही नाही, जवळ घेणं आणि पुसून देणं पुरतं. चौदा वर्षांच्या मुलीशी समोरासमोर बसून बोलू नका, गाडीवर मागे बसलेली असताना किंवा शेंगा सोलताना बोला. डोळ्यांत बघावं लागलं नाही की त्या वयात बोलणं सोपं जातं.

आणि मोरपंखी, सगळा भार स्वतःवर घेऊ नका. न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस या जोडप्याने १९५६पासून मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. काही मुलं जन्मतःच नव्या गोष्टीला बिचकतात, काही पटकन पेटतात, काही कुठेही रुळतात. एकच आई दोन मुलांना सारखीच वागवते आणि एकाला ते मानवतं, दुसऱ्याला नाही. तुम्हाला सापडलेलं मूल कसं आहे हे ओळखून आपली चाल बदलणं, एवढंच आपल्या हातात असतं.

शिंपला

अबोली, शेवटचा परिच्छेद लिहिल्याबद्दल खूप आभार. माझा मुलगा स्वमग्न आहे. तीन वर्षांचा झाला तरी हाक मारल्यावर बघायचा नाही. तेव्हा घरातल्या-बाहेरच्या प्रत्येकाने मलाच विचारलं, तू त्याच्याशी बोलत नव्हतीस का, नोकरी करत होतीस का, मोबाइल देत होतीस का. १९५०-६०च्या काळात तर स्वमग्नता थंड स्वभावाच्या आईमुळे येते असं नामवंत लोक छापून सांगत होते. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून ते खोडून काढलं. तरी मला हे सगळं ऐकावं लागलंच.

म्हणून माझी विनंती, आईबापांच्या वागण्याने मूल घडतं हे म्हणताना कोणाच्या मुलाला पाहून त्याच्या आईबद्दल निकाल देऊ नका. माझा मुलगा बिलगत नाही. तो त्याचा पंखा फिरवत माझ्या पाठीला पाठ लावून बसतो. ते त्याचं बिलगणं आहे हे समजायला मला दीड वर्ष लागलं.

माळरान

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. धागा वाचून दोन दिवस लिहू की नको करत होतो.

आमच्या गावात दिवाळी सरली की ऊसतोडीला जायला ट्रॅक्टर लागतात. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे गेली तर दोघंही जातात. भांडी, पीठ, कोंबड्या ट्रॉलीत भरायच्या आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं, ते मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत. काही पोरं सोबत जाऊन कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहतात, शाळा बुडते. काही मागे आजी-आजोबांपाशी राहतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहातून जेवणाची सोय होते.

तिसरीतला एक मुलगा. निघायच्या सकाळी तो शाळेत सगळ्यांच्या आधी येऊन बसला. ट्रॅक्टर शाळेवरूनच जातो. सगळी पोरं खिडकीशी धावली, हा पाढे लिहीत राहिला. एप्रिलमध्ये आई आली ती घरी न जाता थेट शाळेत आली. उसाच्या पाल्याने चिरलेले हात, डोळे रडवेले. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाला, "सर, मी पाणी पिऊन येऊ?" अबोलीताईंनी लिहिलेलं ते खेळत राहणारं मूल वाचलं तेव्हा तो हौदाकडे जाताना मला पुन्हा दिसला.

त्या आईने काय करायला हवं होतं असं कोणी विचारू नये. उचल फिटल्याशिवाय तिला फड सोडता येत नाही. घरातल्या प्रेमावर बोलताना घराबाहेरून येणारं हे ओझंही धाग्यात असावं म्हणून लिहितोय.

जे आमच्या हातात होतं ते थोडं केलं. पूर्वी आया पोर झोपेत असताना निघायच्या, म्हणजे रडत नाही. सकाळी उठल्यावर आई नाही. मग ते पोर महिनाभर रात्रीचं दचकून उठायचं आणि आजीचा पदर सोडायचं नाही. आता आम्ही आयांना सांगतो, सांगून जा, रडू दे त्याला, तुम्हीही रडा. जाताना तुमचं एखादं जुनं लुगडं अंथरायला ठेवून जा. आणि आठवड्यातून दोनदा माझ्या फोनवर आवाजात निरोप पाठवा. काय बोलू सर, असं विचारतात. काहीही बोला, आज काय शिजवलं, बैल कसा आहे. पोरं मधल्या सुट्टीत फोन कानाला लावून तोच निरोप चार-चारदा ऐकतात. निघताना आता जास्त रडारड होते. पण एप्रिलमध्ये तोंड फिरवणारी पोरं मला पूर्वीपेक्षा कमी दिसतात.

आणि आज्या. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी त्यांच्या मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घरात गरिबी, व्यसन, आजार असं सगळं होतं, आणि तरी त्यांतलं दर तिसरं मूल सावरलेलं, माणसांत रमणारं निघालं. त्यांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचं मोठं माणूस होतं. कधी आजी, कधी काका, कधी शिक्षक. मी वर्गात जाताना हे मनात धरून जातो.

दुपारची_उन्हं

माळरान सर, "सांगून जा" हे मी आजच माझ्या वहिनीला सांगितलं. ती पाळणाघरातून रोज मागच्या दाराने निघते.

उत्तरवारा

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. माळरान सरांनी लिहिलेल्या गोष्टीला इथे एक शब्द आहे, आइनगेव्योनुंग, म्हणजे रुळवणं. मुलगी दीड वर्षांची असताना तिला इथल्या बालवाडीत घातलं. पहिले तीन दिवस मी रोज तासभर वर्गात कोपऱ्यात बसून होतो. मी खेळायचं नाही, फक्त दिसत राहायचं. चौथ्या दिवशी तिला सांगून काही मिनिटं बाहेर जायचं आणि परत यायचं. परत आल्यावर ती कशी वागते हे पाहून पुढचं वेळापत्रक ठरलं. या पद्धतीला बर्लिन नमुना म्हणतात. १९८०च्या दशकात एन्सवर्थ आणि ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याच कामावरून ती बसवली गेली. आमच्या मुलीला जवळपास तीन आठवडे लागले. कचेरीने रजा दिली, हे माझं नशीब. कोयत्याला अशी रजा नसते.

आमच्या पुण्यातल्या नातेवाइकांनी फोनवर विचारलं, इतकं काय लाडावायचं? आपल्याकडे जूनमध्ये बालवाडीच्या फाटकाशी मूल हातातून ओढून घेतात आणि "तुम्ही निघा, पाच मिनिटांत गप्प बसेल" म्हणतात. गप्प बसतंच. मीही बसलो होतो, १९८८ साली.

पिंपळपान

चार दिवस धागा वाचतोय.

मी पाच वर्षांचा असताना मला घटसर्प झाला होता. १९५८ साल असावं. दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं होतं आणि आईला आत येऊ देत नसत. ती बाहेरून काचेतून बघायची. मला त्यातलं काही आठवत नाही. आई मात्र शेवटपर्यंत सांगायची की घरी आल्यावर मी तिला "अहो" म्हणत होतो. परिचारिकांना म्हणायची सवय लागली असेल, असं आम्ही सगळे हसून म्हणायचो. आई हसत नसे.

धाकाबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही. वही पुन्हा लिहून घ्यावी, हे अबोलीताईही म्हणतात. पण माझ्या थोरल्याला त्याच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी पाहुण्यांसमोर मारलं होतं. तो आता सेहेचाळीस वर्षांचा आहे. दर रविवारी फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो, पाऊस किती झाला ते सांगतो. कधी चुकत नाही. पंधरा मिनिटांच्या वर कधी जात नाही. मी वर लिहिलं होतं की मुलं मार्गी लागली. त्या वाक्याकडे चार दिवस बघतोय.

रविवारी काय करणार ते इथे लिहीत नाही.

अबोली

काका, तुमच्या आईची वेदना तेव्हा जगभरातल्या आयांची होती. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये दोन वर्षांच्या एका मुलीचे दवाखान्यातले आठ दिवस चित्रित केले. ती मोठ्याने रडत नाही, फक्त हळूहळू आईपासून दूर जाताना दिसते. बऱ्याच डॉक्टरांना ते पटलं नव्हतं, गप्प मूल म्हणजे रुळलेलं मूल असं ते धरून चालायचे. १९५९ साली ब्रिटनमध्ये सरकारी समितीने आईवडिलांना मुलांपाशी हवं तेव्हा येऊ द्यावं अशी शिफारस केली, तरी सगळीकडे तसं व्हायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

उशीर झाला असं मात्र समजू नका. रुमानियात १९८९ नंतर अनाथालयांतली मुलं जगासमोर आली. तिथल्या १३६ मुलांचा बुखारेस्टमध्ये अभ्यास झाला. त्यातली काही मुलं चिठ्ठ्या टाकून सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली गेली. जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली ती सर्वांत जास्त सावरली, म्हणून लवकर जाणं महत्त्वाचं. पण उशिरा गेलेल्यांचंही काही ना काही भरून आलं. आणि ती तर कोणीच नसलेली मुलं होती. तुमच्या मुलाला तुम्ही होता.

मोरपंखी

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. काल केलं.

रात्री अंथरुणं घालताना त्याला म्हणाले, "मला तुला सॉरी म्हणायचंय. मी रागात एक वाईट वाक्य बोलले होते." अबोलीताईंनी दिलेले शब्द मी मनात घोकून ठेवले होते. पण पुढचं बोलण्याआधीच त्याने विचारलं, "कुठलं? लग्नातलं?"

मला कुठलंच लग्न आठवेना. मग त्याने सांगितलं. मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नात त्याने दुसऱ्यांदा गुलाबजाम घेतला तेव्हा मी सगळ्या भावंडांसमोर त्याच्या हातावर फटका मारला होता आणि "हावरट" म्हणाले होते. मी विसरून गेले होते. कोण कोण हसलं, त्यांची नावंही त्याला पाठ आहेत.

मी दुधाचं बाजूला ठेवलं आणि आधी लग्नातल्या त्या फटक्याची माफी मागितली. मग दुधाची मागितली. तो थोडा वेळ उशीच्या खोळीचा बंद ओढत बसला आणि म्हणाला, "अजून एक आहे." तीही ऐकली. तीन झाल्यावर त्याने विचारलं, "आता तू सांग, माझ्या किती आहेत?" मी म्हणाले, वही पुन्हा लिहायची राहिलीय तेवढी. ती आज आम्ही दोघांनी बसून लिहिली.

मित्र अजून दुसऱ्या बाकावर बसतो. याने विचारलं, "त्याला काय म्हणू?" मी शब्द सांगणार होते, मग थांबले आणि म्हणाले, तुला काय वाटतं? तो म्हणाला, आधी चिकटपट्टी हवी, चित्र त्याच्यासोबत जोडायचंय. दप्तरात घालून दिलीय.